खालमानेची पोर

—न्हाई, आप्पासाहेब, तेवढा एक शबुद परत काढू नका. खालमानेची! आल्यापासनं तेच चाललंय तुमचं — पोर खालमानेची हाय, पोर खालमानेची हाय. आवो, मान वर धरायला बी अंगात जीव लागतो. तो न्हाई तिच्यात, म्हनून खाली हाय. लाजंनं न्हवं. बसा, उठू नका. तुमची मंडळी, गोजरबाई, आत पोरीला चालवून बघत असतील, केस सोडून बघत असतील, बघू द्या. आन आमचं चिरंजीव, श्रीमंत, पाटलाला बोलवायला गेल्यात — पाव्हनं जामखेडाकडनं नगरापतूर मोटारीनं आलं, पुढं आगगाडीनं राहुरी गाठली, एवढं लांबचं मानूस रिकामं कसं लावून द्यायचं, दिस मावळायच्या आत चार मानसांत सुपारी फोडून मोकळं व्हायचं, असं त्याचं चाललंय. पाटील घरी घावायचा न्हाई. ह्या टायमाला तो मळ्यात असतो. म्हंजे तेवढा येळ मला मिळाला. तेवढ्यात सांगतो ते ऐकून घ्या. सोताच्या नातीत खोट काढाय बसलाय म्हातारा, असं वाटंल तुमाला. वाटू द्या. जलमभर बैलांचा व्यापार केला, आजारी जनावर चांगलं म्हनून कुनाच्या गळ्यात मारलं न्हाई. आन नातीच्या बाबतीत मारू व्हय?

चहा घ्या की. गुळाचा हाय. साखर ह्या लढाईनं कुटं न्हेऊन ठिवलीय ती त्या सरकारलाच ठाऊक. काय म्हनता? पोरीनं चहा आनून दिला तवा कपबशीचा आवाज बी आला न्हाई? व्हय. न्हाई आला. त्याचंच कवतिक वाटलं ना तुमाला? आवो, हीच राही माझा चहा आनायची तवा अर्धा वाटंतच प्यायची, वरनं रांजनातलं पानी घालायची, आन तोंड असं करून म्होरं उभी ऱ्हायची की जसा मीच चोर. मी म्हनायचो, राहे, ह्यात मासं सोडू का? तर म्हनायची, सोड की थेरड्या, तुला दात कुटं हायत खायाला! थेरड्या म्हनायची मला, तोंडावर. ह्या गावात माझ्यासंगं तोंड वर करून बोलायची कुनाची टाप न्हाई — माझ्या लेकाची न्हाई, पाटलाची न्हाई — आन ही एवढीशी चिमुरडी ज्वारीचं ताट काठीवानी हातात घिऊन, पाय फेंगडं करून माझ्या मागनं चालायची, आन समदा पार हसायचा. मी शिव्या द्यायचो. लई शिव्या द्यायचो. आता सांगतो तर म्हनती, 'व्हय आबा.' बस, तेवढंच. पानी आन — व्हय आबा. जेवलीस का — व्हय आबा. शिसारी येती मला त्या 'व्हय आबा'ची. कुनीतरी पोरीच्या आतलं मानूस काढून न्हेलंय आन वरचं सालपट तेवढं आमच्याकडं ठिवलंय, तसं वाटतं. आन तुमी त्या सालपटाला शांत म्हनताय, गुनी म्हनताय. थुत्!

न्हाई, तुमच्यावर न्हाई थुकलो. तंबाखू हाय तोंडात.

बरं, हे ऐका. आमच्या शेजारी चांदभाई पिंजारी, गाद्या-रजयांचा कापूस पिंजतो तो, त्याची पोरगी हमिदा. ही आन राही, जल्मल्यापासनं भांडत्यात. कशावरनं? फुटक्या बांगड्यांवरनं. बांगडीचा तुकडा दिसला की दोघी एकदमच झडप घालायच्या. राहीकडं एक पत्र्याचा डबा हुता, त्यात हिरवं, लाल, जांभळं, असं तुकडं साठवलेलं. त्या डब्याला श्रीमंतानं एक डाव हात लावला तर सोताच्या बापाला चावली हुती ती पोर. आन ह्या पावसाळ्यात एक दिस हमिदा माझ्याकडं आली, डबा छातीशी धरलेला, आन रडती. मी म्हनलं काय झालं गं, राहीनं मारलं का? म्हनली, न्हाई आबा, तिनं डबा दिला. समदा दिला. मी म्हनलं मंग रडती कशाला? तर म्हनली, मी नगं म्हनलं तरी दिला, आन भांडली बी न्हाई. — ऐकलंत? एवढीशी पोर, जे हवं हुतं ते समदं फुकट मिळालं, आन ती रडत माझ्याकडं आली, कारन तिला कळलं की ह्यात कायतरी वंगाळ हाय. आमच्या घरातल्या मोठ्या मानसांना कळलं? साळू — साळूबाई, माझी भन, हितंच असती — ती म्हनली, बघ दादा, पोरगी किती समजूतदार झाली. समजूतदार!

तुमी पन तेच म्हननार. तोंडावर दिसतंय तुमच्या. मन मोठं हाय पोरीचं, म्हननार. आप्पासाहेब, ज्याला ह्यापुढं काय नगंच हाय, ते मानूस वाटून टाकतं. त्याला मन मोठं असनं म्हनत न्हाईत.

आन खानं. आवो, भाकर खाती, कोरडी. एक चतकोर, ती बी कुटकं करत बसती, निम्मी शेळीला. कालवनाला हात लावत न्हाई. चुलीवर फोडनी टाकली की उठून भायेर जाती, पार त्या गोठ्यापतूर. श्रीमंत म्हनतो, तिला ठसका लागतो. ठसका! जी पोर मिरच्या वाटताना पाट्यापाशी बसून ठेचा चाटायची, तिला ठसका लागतो? — हसताय? काय म्हनालात? खानारी कमी हाय ते बरंच हाय, ज्वारी मिळना झालीय ह्या रेशनात? वा, आप्पासाहेब. चांगला इनोद केलात. गोजरबाईला सांगा हा, रातीच्या जेवनाला पुरंल.

न्हाई, बसा, बसा. राग कुनाला आला? मला आला. मला सदाच येतो.

शाळंतला मास्तर हाय ना आमचा, त्याला भेटलो. म्हनलं मास्तर, पोरीचं काय खरं न्हाई, वर्गात कशी असती? तर खुर्चीत रेलून म्हनला, बाबा, तुमची राही सुधारली, पैलं सारखी बडबडायची, पोरांच्या पाटीवर माकडं काढायची, आता हाताची घडी घालून बसती, एक शबुद न्हाई. मी म्हनलं, मंग लिव्हती का? म्हनला, लिव्हायला सांगितलं की पेन्शील हातात धरती आन पाटीकडं बघत बसती. पन तरास न्हाई काय. — तरास न्हाई! दगड ठिवला असता त्या जागंवर तर त्याचा बी तरास झाला नसता. मला तिथंच वाटलं हुतं पाटी घिवून त्याच्या डोस्क्यात घालावी. मी दुसरीपतूर शिकलोय, ती बी मार खात. पन पोर जवा माकडं काढायची थांबती तवा इचारावं का थांबली, एवढं कळायला काय शाळा लागती व्हय?

मंग इलाज झालं. आमच्या घरात इलाज लई हुशार. आधी वैद्य. म्हनला पोटात जंत हायत. वावडिंगाची पूड दिली. पोरीनं मुकाट्यानं घेतली. पैलं औषीद द्यायचं म्हंजे दोघांनी पाय धरायचं, एकानं नाक दाबायचं, आन तरी बी थुकून द्यायची. आता हात म्होरं करून घेतली, जशी परसादाची. मंग भगत आला. म्हनला भायेरचं हाय. लिंबू फिरवला, राख लावली, ताईत बांधला, कोंबडं न्हेलं. पोर बसून ऱ्हायली, भिताडासारखी. भगत म्हनला, बघा, शांत झाली! मी म्हनलं, आरं भाड्या, आली तवाच शांत हुती, तीच तर बिमारी हाय! तर साळू मला म्हनती, दादा, भगताला असं बोलू नये. ह्या घरात कुनालाच काय बोलू नये. भगताला बोलू नये, मास्तरला बोलू नये, पाव्हन्यांना बोलू नये. आन पोर दिसभर आतल्या खोलीत भिताडाकडं तोंड करून पडती, तिला कुनी इचारू नये.

आन आता हा शेवटचा इलाज. हा साळूच्या डोक्यातनं निघाला, आन श्रीमंताला पटला. लगीन करा. घर बदललं की पोरगी बोलंल, हसंल, सासरी नवी मानसं, नवं लुगडं, आपसूक ताळ्यावर येईल. म्हंजे तुमी, आप्पासाहेब — राग मानू नका, न्हायतर माना — तुमी वैद्य आन भगताच्या मागचं तिसरं औषीद हायसा. वावडिंगाच्या पुडीसारखं. तुमाला कुनी सांगितलं न्हाई हे. आन तुमी बी इचारलं न्हाई. बैल घ्यायचा झाला तर दात बघता, खूर बघता, चारा टाकून खातो का बघता. आन पोरगी बघाय आलात तर ती खात न्हाई, बोलत न्हाई, मागत न्हाई, ह्याचंच कवतिक! अशी कशी तुमची परीक्षा? जेवढी मेल्यावानी तेवढी चांगली? तुमच्या घराला सून पायजे का दारातला उंबरा?

...व्हय, मरीआईच्या देवळात बी जाती. बघितलंत तुमी, येताना लिंबाखाली? तांब्या घिवून उभी हुती ती आमचीच. दर मंगळवारी जाती, पानी घालती, आन मंग तिथंच त्या शेंदराच्या दगडाम्होरं बसून ऱ्हाती. — आलंच का तुमच्या तोंडातनं! भक्तिभाव हाय म्हनं. माझं बी तेच झालं हुतं, मी बी म्हनलं हुतं, चला, देवाधर्माचं तरी करती. एक दिस तिच्या मागं जाऊन बसलो. लई येळ बसलो. मंग आपनहून बोलली, किती तरी दिसांनी आपनहून. म्हनली, आबा, देवी मोठ्या पोरींना बी न्हेती का? मी म्हनलं, असं इचारू नये. म्हनली, न्हेत असंल तर बरं हुईल, आबा. — एवढं म्हनली आन उठून तांब्या घासाय लागली.

आता? हिला भक्तिभाव म्हना की. म्हना!

मला तवापासनं ती इहिरीकडं गेली तरी मागं जावंसं वाटतं. जातो बी. गुडघं दुखत्यात, शिव्या देत जातो, पन जातो. घरात बोललो तर म्हनत्यात म्हाताऱ्याला भरम झालाय. म्हनून तुमाला सांगतोय. तुमी परकं हाय, तुमाला तुमच्या घराचा तरी घोर असंल. उद्या तिकडं, जामखेडाच्या पल्याड, ती आन तुमची इहीर. मागं कोन जाईल? तुमी जाल? गोजरबाई जातील?

...काय? काय म्हनलात? कंबरंत काय खोड हाय का? — आरं देवा. हे दिसलं व्हय तुमाला! एवढ्या येळात हे एक दिसलं. उभी ऱ्हाती तवा एका अंगाला वाकडी उभी ऱ्हाती, कंबर भायेर काढून, असंच ना? न्हाई, लंगडी न्हाई ती. हाडात काय न्हाई. तिच्या कडंवर लेकरू असायचं, आप्पासाहेब. कानिफ. तिचा भाऊ. श्रीमंताला राहीच्या पाठीवर लई वरसांनी झालेला, मढीला नवस बोलून झालेला, म्हनून कानिफनाथ नाव ठिवलं. आय त्याची, लंका, रानात राबायची, पोर ह्या पोरीच्या कडंवर. दिस उगवल्यापासनं मावळंपतूर. ही भांडायची तरी त्याला कडंवर घिवून, चिंचा पाडायची तरी कडंवर घिवून, शाळंला बी न्हेलं हुतं एक डाव, मास्तरनं हाकलली. त्यो तिचं केस धरून बसायचा, लगामावानी. ती घोडं आन हा सवार. गेल्या उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली आन त्याला देवी आल्या. अंगभर. डोळ्यांत बी. राहिला न्हाई.

ती कडंवर जागा ठिवून उभी ऱ्हाती अजून. खोड न्हाई ती. गोजरबाईला सांगा, कंबर धड हाय.

पोरीनं दुक्क केलं असंल, म्हनता? तेच तर. न्हाई केलं. एक टिपूस न्हाई. साळू तर म्हनली बी, बघा, एवढा भाऊ गेला आन ही रडली सुदिक न्हाई, पोरीची जात कठोर. कठोर म्हनली तिला. आन रडू कसं द्यायचं? तुमच्याकडं बी रीत आशीच असंल की. घरात देवी आली म्हंजे देवी पाव्हनी आली. लिंबाचा टाळा दाराला लावायचा. चुलीवर फोडनी द्यायची न्हाई, तेलाचा वास तिला सोसत न्हाई. केस विंचरायचं न्हाईत. भांडायचं न्हाई, मोठ्यानं बोलायचं न्हाई, काय मागायचं न्हाई, पोराला बी 'आई, आई' करून बोलायचं. आन रडायचं तर मुळीच न्हाई. लेकरू गेलं तरी न्हाई. देवी घरातच बसलेली असती, कुनी रडलं की ती कोपती, दुसरं लेकरू उचलती. साळूनं राहीचं तोंड दाबून धरलं हुतं त्या सकाळी, कानात सांगत हुती, गप, गप, तुझ्या आयला न्हेईल, गप. पोर गप झाली. मंग तिला बी लागन हुईल म्हनून साळूच्या लेकीकडं, नदीपल्याड वस्तीवर लावून दिली. हिकडं आमी देवी बोळवली. दहीभात केला, लिंबाच्या डहाळ्या, हळद, वाजवत गाजवत शिवंपतूर जाऊन देवीला निरोप दिला, तिथंच निवदाचा डाळा ठिवला, मागं न बघता माघारी आलो. आन घरात आल्यावर बायांनी जो हंबरडा फोडला — लंकानं ह्या खांबावर डोकं आपटलं. तवा चालतं ना. देवी गेल्यावर चालतं. लई दिस रडली लंका. राही परत आली तवा समद्यांचं रडून झालं हुतं. चुलीवर फोडनी बसली हुती, लंकानं डोक्याला तेल लावलं हुतं...

थांबा.

बोलू नका, आप्पासाहेब. जरा गप बसा. फोडनी दिली की ती उठून भायेर जाती. ठसका न्हाई लागत तिला. भितीय. आज सकाळी साळूनं तुमच्यासाठनं धरून तिची वेनी घातली, तर पोरीनं असं तोंड केलं जसं कुनी गळ्यावर पाय दिलाय. किती दिस झालं, फनी लावू देत न्हाई, आमी म्हनतो घानेरडी झाली. हमिदासंगं भांडत न्हाई. मागत न्हाई. मोठ्यानं बोलत न्हाई. अरं भडव्यांनो! अरं, तिला कुनी सांगितलंच न्हाई! देवी गेली हे तिला कुनी सांगितलंच न्हाई! ती नदीपल्याड हुती. ती तशीच धरून बसलीय, समदी रीत, एकटीच. घरातली मानसं फोडन्या देत्यात, हसत्यात, तेल लावत्यात, तिला वाटत असंल हे समदे देवीला कोपवत्यात, आन मी बी चुकले तर आता आय जाईल. आन लंकाला परत दिस गेल्यात, आप्पासाहेब. पोटात लेकरू हाय. म्हनून तर पोर देवळात जाऊन बसती. आयला न्हेऊ नको, पोटातल्याला न्हेऊ नको, मला ने...

शी! शी, काय मानसं हाय आमी. थू हाय आमच्या तोंडावर. लिंबू फिरवला. कोंबडं कापलं. जंत काढलं. लगीन लावाय निघालो. आन एवढंच सांगायचं हुतं.

न्हाई, हसू नका, इतकं सोपं न्हाई ते. तसं बघाय गेलं तर भिताडाकडं तोंड करून पडायला कुनी सांगितलं न्हवतं तिला. मरायचं मागायला कुनी सांगितलं न्हवतं. ते रीतीत न्हाई. ते आतलं हाय. आतल्या आत दाबून धरलेलं सडलंय ते, एका शबदानं निघायचं न्हाई, मला कळतं. कदाचित कधीच पुरतं निघायचं न्हाई. पन ह्या पोरीला आता कुनी ह्या घरातनं हलवायचं न्हाई. तुमी न्हाई, श्रीमंतानं न्हाई, त्या पाटलाच्या बापानं न्हाई. — व्हय, दिसलं मला, आलंच ते दोघं, पाटील आन आमचं चिरंजीव. येऊ द्या. आन चांगल्या कपड्यांत आलाय पाटील, मानपानाचं जेवन मिळंल म्हनून.

कोन हाय तिकडं दारात? राही? पानी सांगितलं व्हय तुला आत बायांनी? ये. हिकडं ये. न्हाई, त्यांच्या पाया नको पडू. तांब्या ठिव खाली. ठिव म्हनतो. माझ्याकडं बघ. मान वर कर, म्हाताऱ्याकडं बघायला काय पैसं पडत न्हाईत.

राहे, देवी गेली.

गेली म्हंजे गेली. कवाच गेली. तू वस्तीवर हुतीस तवा आमी तिला शिवंपतूर घालवून आलो. दहीभात दिला, वाजंत्री लावली, मी सोता गेल्तो संगं, गुडघं दुखत हुतं तरी गेल्तो. ती न्हाई ह्या घरात आता. ...न्हाई. कुनाला न्हेत न्हाई. आयला न्हाई, पोटातल्याला न्हाई. ...मला कसं ठाऊक? आगं, मी म्हातारा हाय, मला म्हातारपनी एवढं बी ठाऊक नसंल तर जगून काय केलं? तुझी आय रडली ना तवा! ह्या खांबाला डोकं आपटून रडली. साळू रडली, ती दगडाची असून रडली. आन न्हेलं का कुनाला? हायत ना समदी? बघ, आत हायत, बोलत्यात. तुला कुनी सांगितलं न्हाई, ही आमची घान हाय, तुझी न्हाई. तुझं काय चुकलं न्हाई. कानिफाचं बी तू काय वंगाळ केलं न्हाईस. तू त्याला जपलंस. तू जपलंस तेवढं त्याच्या आयनं बी न्हाई जपलं.

...काय म्हनलीस? ऐकू आलं न्हाई, कान गेल्यात माझं. परत बोल.

...व्हय. व्हय, राहे. मोठ्यानं बी चालतं.

— आप्पासाहेब, उठा. पाटलाला बी संगं घ्या, आन समदे चावडीवर जाऊन बसा, गोजरबाईला मी लावून देतो तिकडं. सकाळची गाडी हाय तुमाला. श्रीमंता, तू एक शबुद बोलू नको, तुझी पाळी मागनं. काय बघताय असं तोंडाकडं? इकडं बघू नका, पोरीकडं तर मुळीच बघू नका. परक्या मानसांम्होरं रडू यायचं न्हाई तिला. निघा म्हनतो ना — निघा!